भिंतीवरची अठरावी ओळ

हरीकाका घरात असले की त्यांचा उजवा हात पिशवीत असे. सरूकाकूंनी जुन्या धोतराच्या मऊ कापडाची ती पिशवी शिवली होती आणि मनगटापाशी नाडी घातली होती. जेवताना आणि अंघोळीच्या वेळी ती निघायची, बाकी सगळा वेळ तो हात तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला. लाकूड फोडणं, विहिरीचा दोर ओढणं, कुलूप उघडणं, सगळं डाव्या हाताने चाले. आम्ही त्यांच्या शेजारी भाड्याने राहायला आलो त्या दिवशी त्यांनी आमची लोखंडी पेटी डाव्या हाताने खांद्यावर घेतली आणि आत आणून ठेवली. आईला वाटलं, बिचाऱ्याचा हात मोडला आहे. तिने हळद आणि तेल गरम करून देऊ का, असं विचारलं.

"मोडला नाई वहिनी," ते म्हणाले. "कामाचा हात हाये. जपून ठेवला."

खामगावात तेव्हा दिवाळी ते होळी कापसाखेरीज दुसरं काही नसे. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आमच्या शाळेच्या दाखल्यांवर दोन्ही नावं एकाखाली एक छापलेली असत. मी तेरा वर्षांची होते. हंगामात रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागे आणि सगळं गाव जिनाच्या भोंग्यावर उठे, जेवे, झोपे. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. अशा एका जिनाच्या फाटकावर हरीकाका कापूस तपासत. ओला कापूस वजनाला जास्त भरतो, पण ढिगात गेला की आतून तापतो आणि पिवळा पडतो, शेजारचा चांगला कापूसही नासवतो. म्हणून गाडा आत घेण्याआधी तो कोरडा की ओला, हे कोणीतरी सांगावं लागे. त्यासाठी यंत्र नव्हतं. हरीकाकांचा हात होता. ते कोपरापर्यंत हात गाड्यात खुपसत, डोळे मिटत, आणि आपण दोनदा श्वास घेऊ तेवढ्या वेळात सांगत, "कोरडा" किंवा "वला".

एकदा वडिलांबरोबर मी तिथे गेले होते. एक म्हातारा शेतकरी हुज्जत घालत होता. "अरे हरीभाऊ, थंडीचे दिवस हायेत. दव पडलं रातच्याले. त्याले मी काय करू?"

हरीकाकांनी हात बाहेर काढून धोतराला पुसला. "दादा, दव वरून उतरते. तुह्या गाड्यात वरचा कापूस कोरडा हाये अन् मधातला वला. दव काय उडी मारून मधात जाऊन बसलं काय?"

रांगेतले सगळे हसले. म्हातारासुद्धा हसला. मग त्याने गाडा मुकाट्याने बाजूला घेतला आणि कापूस उन्हात पसरला.

निखिल, आज हे लिहायला बसले ते तुझ्या मागच्या पत्रातल्या यादीमुळे. पहाटे पाचला उठणे, तीन मैल धावणे, गार पाण्याने अंघोळ, साखर बंद, कामाआधी अर्धा तास वाचन, पगारातला ठरलेला हिस्सा बाजूला. यादी सुबक आहे. मलाही याद्या आवडतात, माझ्या डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात म्हणून तू आणि तुझी बहीण मधुरा मला हसत आला आहात. पण यादीच्या खाली तू बारीक अक्षरात लिहिलं होतंस की एक दिवस चुकला तर सगळा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो. ती ओळ मी तीन-चारदा वाचली आणि मला हरीकाका आठवले. त्यांच्याविषयी मी तुमच्या आजोबांनाही पूर्ण सांगितलं नव्हतं. त्यात माझा एक भाग आहे, आणि तो चांगला नाही. आता हात थोडा लिहिला की दुखतो, त्यामुळे दोन-तीन बैठकी लागतील. तुम्ही मात्र एका बैठकीत वाचा.

हरीकाका चिखलीकडच्या एका खेड्यातले. चौथी पास. खामगावला आले ते हमाल म्हणून, रुईच्या गाठी वाहायला. पहिल्याच हंगामात एका मुनीमाने त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "तुझ्यात आहे काय? एक खांदा. तो गेला की तू गेलास." हे ते वडिलांना अगदी शांतपणे सांगत, जसा कोणी आपल्या जन्माचा वार सांगावा. "त्या दिशी मी ठरोलं मास्तर. काल्हच्याहून तिळभर बरं. जास्त नाई. तिळभर."

तिळभर, तिळभर असं करत त्यांनी स्वतःला घडवलं होतं. एका महिन्यात एकच सवय. ती तीस दिवस न चुकता पाळली गेली तरच स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर कोळशाने तिची ओळ लिहिली जाई. एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. आम्ही आलो तेव्हा भिंतीवर बारा ओळी होत्या. बिडी नाही. चहा नाही. भोंग्याच्या आधी उठणं. पन्नास दंड. जेवण झाल्यावर शंभर पावलं. एका वेळी एकच काम. कोणाचं काम अंगावर घेतलं तर त्याच दिवशी संपवणं. पगार हातात आला की आधी पोस्टात, मग दुकानात. रागावलो तर पाणी पिऊन मग बोलणं. आणि मध्येच एक, "हात जपणं." ओळींच्या खाली बरीच भिंत मोकळी होती. ती पुढच्या ओळींसाठी राखलेली होती.

माझे वडील सरकारी शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांच्याकडे विलायतेत छापलेलं एक जाड पुस्तक होतं, माणसाने आपली उन्नती कशी करावी याविषयीचं. वडिलांनी ते अर्धवट वाचून सोडलं होतं. हरीकाकांना हे कळलं आणि त्यांना ते सोडवेना. रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत.

"मास्तर, त्या साहेबानं आज काय सांगतलं?"

वडील पान उलटत. "साहेब म्हणतो, रोज निजण्यापूर्वी दिवसभरात काय चुकलं ते आठवावं."

"अन् काय बरोबर झालं थे?"

"ते त्याने लिहिलेलं नाही."

"त मग साहेब बी आपल्यासारखाच," हरीकाका म्हणत, आणि वडील हसत. वडिलांना हसवणारी माणसं फार नव्हती.

सरूकाकू ठेंगण्या, काळ्यासावळ्या, तोंडाने फटकळ. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या सुधारण्याचा त्यांना कंटाळा होता, पण तो कंटाळाही जुन्या लुगड्यासारखा अंगवळणी पडलेला. "तुमच्या सुधारण्यानं माही भित काळी झाली," त्या म्हणत. "लोकाईच्या घरी देवाईचे फोटो राह्यतात, आमच्या घरी हे." मग माझ्याकडे वळून, "सुमन, तुह्या काकाले इचार, बायकोशी दोन शब्द गोड बोलाव, हे त्या भितीवर कितव्या नंबराले येते?"

"येईन, येईन," काका म्हणत. "नंबर लागलेला हाये."

गल्लीतल्या पुरुषांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. पहाटे पाच-सहा जणांना गोळा करून ते तलावापर्यंत चालायला नेत. प्रत्येक दारावर थांबून हाक, "काऊन बे, सूर्य तुह्यासाठी थांबून राह्यला काय?" त्यांत एक शिंपी होता, गणपत. तो रोज अर्ध्या वाटेवर मारुतीच्या पारावर बसे आणि मंडळी परतली की मधूनच सामील होऊन घरी येई. सहा महिने त्याच्या बायकोला वाटत होतं की नवरा तलावाला जाऊन येतो. हरीकाकांना हे ठाऊक होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पारापर्यंत त येते ना थो? काल्हपर्यंत खाटीवरून उठत नवता."

दुसऱ्यांच्या बाबतीत ते असे होते. स्वतःच्या बाबतीत नव्हते. एकदा त्यांना ताप होता आणि पन्नासातले आठ दंड राहिले. त्या महिन्याची सवय त्यांनी पुन्हा पहिल्या दिवसापासून धरली. सरूकाकूंनी कपाळाला हात लावला. मला तेव्हा ते फार थोर वाटलं होतं. आज वाटतं, कोणीतरी त्या दिवशी त्यांना झोपवायला हवं होतं.

तीन हंगाम गेले. भिंतीवर सोळा ओळी झाल्या. जिनाच्या शेठजींनी त्यांना सगळ्या कापसावरचा मुख्य तपासनीस करायचं बोलून दाखवलं होतं, पुढच्या दिवाळीपासून. फाटकावर बसायला खुर्ची मिळणार होती. आयुष्यात त्यांनी काही मागितलं असेल तर ती खुर्ची. "खांदा नाई, हात नाई, त्या खुर्चीत डोकं बसीन," ते म्हणत.

त्या थंडीतली एक सकाळ. काका आमच्या ओट्यावर बसले होते. चहा घेत नसत, म्हणून आई त्यांना गरम पाणी देई. तिने चुलीवरचं पाणी तसंच पितळी पेल्यात ओतलं आणि पेला फडक्याने धरून त्यांच्यापुढे ठेवला. "भाऊजी, धरू नका आत्ताच, लय गरम आहे." पण ते वडिलांशी बोलत होते. पिशवी काढलेल्या उजव्या हाताने त्यांनी पेला उचलला आणि धरून ठेवला. बोलत राहिले. मी समोर बसून बघत होते. पेल्यातून वाफ निघत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पेल्याला पूर्ण टेकलेलं होतं.

"काका, हात भाजतोय," मी म्हटलं.

त्यांनी हाताकडे पाहिलं. पेला खाली ठेवला. करंगळीच्या आतल्या बाजूला कातडी लाल होऊन फुगायला लागली होती. ते ती दुसऱ्या कोणाच्या हाताची असावी तशी पाहत राहिले.

"सवय हाये मले," काका म्हणाले, आणि पिशवी चढवली.

आता मला कळतं की त्या क्षणी त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. त्यांनी मात्र तेच केलं जे त्यांच्यासारखाच माणूस करील. हात कामचुकार झाला आहे, तो शिस्तीला लावायचा, असं ठरवलं. साडेचारऐवजी चारला उठायला लागले. पन्नासाचे पंचाहत्तर दंड झाले. एरंडेल कोमट करून सकाळ-संध्याकाळ बोटांना चोळणं, शंभर वेळा मूठ उघडणं-मिटणं, आणि सतरावी ओळ भिंतीवर आली, "हाताकडून काम करून घेणं." ते वाळत चालले होते. संध्याकाळी ओट्यावर आले की वडील पुस्तक वाचत आणि ते बसल्या बसल्या डुलक्या देत, मग दचकून म्हणत, "झोपलो नवतो, इचार करत होतो." गरमीतही ते बाह्या कोपराखाली ओढून घेत. का, ते आम्हाला नंतर कळलं.

आणि त्यांनी मला कामाला लावलं. "माय, एक खेळ खेळू. काकूले सांगाचं नाई." दिवेलागणीच्या आधी आमच्या मागच्या अंगणात मी दहा वाट्यांत कापूस भरायचा. पाच वाट्यांतल्या कापसावर पाणी शिंपडायचं, अगदी थोडं. ते डोळ्यांना उपरणं बांधून बसत, उजव्या हाताने एकेक वाटी चाचपत आणि सांगत, कोरडा, वला, वला, कोरडा. मी मोजायचं.

पहिल्या दिवशी दहापैकी आठ. नंतर सात. मग पुन्हा आठ, त्या दिवशी ते पोरासारखे खूष झाले. मग सहा. मग पाच. पाच म्हणजे डोळे मिटून दगड मारल्यासारखंच, हे मला गणितात चांगले गुण असल्यामुळे समजत होतं.

खेळ संपला की ते उपरणं सोडत आणि माझ्या तोंडाकडे बघत. डोळे लाल, खाली गेलेले, घामाने उपरण्याचा वळ कपाळावर. "आज बरं होतं ना माय? काल्हच्याहून तिळभर?" मी काही दिवस खरं सांगितलं. खरं सांगितलं की ते उठून विहिरीच्या कट्ट्यापाशी जात आणि तिथेच आणखी शंभर वेळा मूठ उघडत-मिटत. मला ते पाहवत नसे. एका संध्याकाळी त्यांनी पाच बरोबर सांगितले आणि मी म्हटलं, "सात." त्यांनी मान हलवली आणि त्या दिवशी ते लवकर घरी गेले, जेवले, झोपले. मग मला ते सोपं झालं. सात, आठ, पुन्हा आठ. मी चढत्या क्रमाने नीट खोटं बोलत होते. मुद्दाम एक दिवस मध्ये सातही सांगितलं, खरं वाटावं म्हणून.

आणि एके दिवशी मी म्हटलं, "दहा."

फाटकावर ते पंधरा दिवस संशयाचा गाडा डाव्या हाताने तपासत होते, हे मला माहीत नव्हतं. गाडीवान त्यावरून थट्टा करत, "हरीभाऊ, बैल बदलला काय?" ते हसून टाळत. माझ्या दहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा उजवा हात पुढे केला. दुपारी मेहकरकडून एक गाडा आला. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "कोरडा."

आठ दिवसांनी, सकाळच्या भोंग्याच्या सुमारास, कापसाच्या मोठ्या ढिगातून धूर निघताना दिसला. आग, आग म्हणून गाव धावलं. बाया-माणसांनी हातांनी ढीग उपसला. ज्वाळा नव्हत्या. आत कापूस शिजल्यासारखा पिवळा झाला होता, मधला करपला होता, आणि सगळीकडे कुबट वास. कोणाच्या जिवाला काही झालं नाही. पण धूर होता म्हणजे कोणीतरी बिडी टाकली, आणि बिडी ओढणारा रात्रीचा चौकीदार, म्हणून शेठजींनी त्याच सकाळी चौकीदाराला काढून टाकलं. तो एक म्हातारा मुसलमान होता, सगळे त्याला चाचा म्हणत. त्याला चार नातवंडं होती.

हरीकाका त्या दिवशी घरी आले आणि ओट्यावर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. त्यांच्या घरातून सरूकाकूंचा आवाज येत होता, "झालं काय, सांगान त खरं?" तिसऱ्या सकाळी ते जिनात गेले आणि सगळ्यांसमोर शेठजींना जे म्हणाले ते चाचाने त्याच संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन वडिलांना सांगितलं. चाचाला नोकरी परत मिळाली होती आणि तो रडत होता.

"मास्टरसाहेब, शेठ म्हणत होता बिडी, बिडी. हरीभाऊ म्हणे, बिडीनं कापूस बाहेरून जळते शेठजी, हा आतून तापला. गाडा वला होता. माह्या हातानं पास केला. शेठ म्हणे, तुह्या हाताले समजलं नाई? त हरीभाऊनं हात पुढं केला, तिथंच. म्हणे, याले आता काहीच समजत नाई. टाचणी टोचून पाहा."

मी आत दाराआड उभी होते. माझ्या हातातल्या भांड्यातलं पाणी सांडलं, आणि आईने मला वेंधळी म्हटलं. तिला बाकी काही माहीत नव्हतं.

शेठजींनी खरोखर टाचणी टोचली नाही. सरकारी डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी बाही वर करायला लावली. कोपरापाशी एक फिकट, रुपयाएवढा डाग होता. त्याला त्यांनी सुई टोचली, मग पिसाने स्पर्श केला, मग कोपराची शीर चाचपली. आज त्या आजाराला गोळ्या आहेत आणि माणूस घरी राहून बरा होतो. तेव्हा त्याला महारोग म्हणत आणि एवढा शब्द पुरे होई.

गल्ली दोन दिवसांत बदलली. पहाटे कोणी दाराशी आलं नाही, गणपत शिंपीसुद्धा नाही. आईने पितळी पेला वेगळ्या कोनाड्यात ठेवला आणि मला त्यांच्या अंगणात जायला बंदी केली. मी आईला दोष देत नाही, तिच्या पदरात आम्ही तीन मुलं होतो. वडील एकटे रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत. पुस्तक मात्र नेत नसत. घरमालकाने महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. अमरावतीकडे एका दवाखान्यात सोय होती, वडिलांनी इंग्रजीत अर्ज लिहून दिला. सरूकाकूंच्या भावाने चिखलीहून निरोप पाठवला की बहिणीने आपल्याकडे यावं. काकू म्हणाल्या, "सतरा ओळी यायच्या मी वाचल्या. आता अठरावी दुसरं कोण वाचीन?" आणि गाठोडं बांधायला घेतलं.

निघायच्या सकाळी मी आईची नजर चुकवून त्यांच्या दारात गेले. आत सामान नव्हतं. काका भिंतीसमोर उभे होते, डाव्या हातात कोळसा. उजव्या हातावर पिशवी नव्हती. तो नुसता लोंबत होता. दोन बोटं आत वळायला लागली होती.

मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. दहा नव्हते, पाच होते. आधीचे आठही नव्हते. बोलताना मी रडत नव्हते, पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणत होते.

मला वाटलं, आता काका म्हणतील, जाऊ दे, लहान आहेस. ते तसं म्हणाले नाहीत.

"तू खोटं बोल्ली, हे चुकलं," ते म्हणाले. "चाचाची रोटी जात होती त्याच्यात. चुकलं नाई असं मी नाई म्हणत." मग कोळसा दुसऱ्या कडेने धरत म्हणाले, "पण मी तुले इचारो कसा, सांग? असं तोंड घेऊन इचारो, का तुले हो म्हणाच लागे. मले पाच ऐकाचेच नवते माय. तुह्या खोट्याले जागा म्याच करून देल्ली. दोन महिने मी थकून राह्यलो होतो, अन् कोणाले सांगतलं नाई. तुह्या काकूलेबी नाई. सांगतलं असतं त ती बाही वर करून पाह्यती."

त्यांनी भिंतीवर लिहायला सुरुवात केली. डाव्या हाताने, मोठी, वेडीवाकडी अक्षरं. वरच्या सतरा ओळी सरळ होत्या, ही एका बाजूला घसरली.

"थकलं त सांगाव."

आतून गाठोडं घेऊन सरूकाकू आल्या. त्यांनी ते वाचलं, शब्द लावत लावत, कारण त्यांना अक्षरं सावकाश लागत. "अठरा वर्सं झाले लगनाले," त्या म्हणाल्या, "अन् हे आत्ता सुचलं." मग कंबरेवरचं गाठोडं सावरून, "चाला. जलंबची गाडी थांबाची नाई."

"तीस दिवस नाई झाले हिले," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "आधीच लिवली."

वडील त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले. मला नेलं नाही. पुढच्याच आठवड्यात मालकाने भिंतीला चुना दिला. दोन हात दिले तरी कोळसा थोडा वर येत होता, तिसऱ्या हाताला गेला.

त्यांची तीन कार्डं आली. डाव्या हाताचं अक्षर हळूहळू सुधारत गेलेलं. पहिल्यात लिहिलं होतं, औषधाच्या तेलाच्या सुया टोचतात, त्या लय दुखतात, दुखतात म्हणून सांगतो. दुसऱ्यात, "इथं बी सात जणाईले सकाळी फिराले नेतो. त्यात तिघं म्हणतात पाय दुखतात. म्हणून ते अर्ध्यात बसतात. मास्तरले सांगजो, गणपतची आठवण येते." तिसऱ्यात फक्त खुशाली होती आणि मॅट्रिकचा अभ्यास नीट कर, एका वेळी एकच विषय, एवढा उपदेश.

मी नागपूरला कॉलेजात असताना सुटीत घरी आले, तेव्हा सरूकाकू आल्या होत्या. पांढऱ्या झालेल्या, पण जीभ तशीच. आईने त्यांना पितळी पेल्यात चहा दिला, तोच पेला. काकांना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते, साध्या तापाने गेले. मी विचारलं, शेवटी काय म्हणाले.

"काय म्हणतीन? रोजच्यासारखी सात माणसं दाराशी उभी. यायनं मुंडी हालवली. म्हणे, आज नाई होत माह्याच्यानं, तुमी जा. अन् कूस बदलली." काकूंनी पेला खाली ठेवला. "चार वर्सं रोज सांगे. पाय दुखते, डोकं दुखते, आज कंटाळा आला. मी म्हणो, पुरे करा आता, ऐकू ऐकू माहे कान गेले." मग त्या हसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "आता घर चुपचाप हाये."

निखिल, तुझी यादी फाडून टाक असं मी सांगणार नाही. मीसुद्धा आयुष्यभर पहाटे उठले, पोस्टात पैसे टाकले, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आणि त्याचा मला उपयोग झाला. पण दर रविवारी फोनवर मी तुला "बरा आहेस ना?" असं विचारते आणि तू लगेच हो म्हणतोस, हे मला या आठवड्यात पहिल्यांदा खटकलं. मी कशा तोंडाने विचारते ते तुला तिकडे दिसत नसेल, पण ऐकू येत असणार. ते हरीकाकांचंच तोंड आहे, दहा ऐकायला बसलेलं. म्हणून या पत्रात मी तसं विचारत नाही. दहा वाट्यांपैकी किती बरोबर, तेवढं लिहून पाठव. पाच असले तर पाच लिही. मी आता पाच ऐकू शकते.